सूर धरणारा

थोरल्या भावाला 'गप' म्हणायची रीत मथुराबाईच्या घरात नव्हती. धाकट्याने थोरल्याशी भांडावं, अबोला धरावा, ताटावरून उठून जावं, तेवढं एक वेळ चाललं असतं. भावाभावांत होतं तसं. पण भर मांडवात, सगळ्यांदेखत, हात वर करून "दादा, इथं तू गप" असं म्हणायचं? आणि म्हणायचं कुणाला, तर केरूला! ज्याने उभ्या जन्मात कुणाच्या शब्दावर शब्द चढवला नाही, ज्याला गप बसायला कधी सांगावंच लागलं नाही, त्या केरूला?

"हऱ्या!" मथुराबाई ओट्यावरून ओरडली. तिच्या मांडीवर सनईच्या तोंडाला बसवायच्या पत्त्यांचा डबा होता, तो तिने इतक्या जोरात बंद केला की मांडवाच्या खांबावर बसलेला कावळा उडाला. "काय बोल्लास तू? परत बोल. मी म्हातारी झाले, नीट ऐकू येत नाय."

हरिश्चंद्राने तोंडातली काळी नळी काढली. क्लॅरोनेट म्हणायचा तो तिला. तिच्या अंगावर रुप्यासारखी चकचकीत बटणं होती. मथुराबाईच्या मते वाद्याला बटणं लागणं हेच मुळात लबाडीचं लक्षण.

"आये, गप म्हणजे तसं गप नाय गो. त्याने तिथं थोडा सूर थांबवायचा, एवढंच. मग पुढलं मी वाजवतो, मग परत त्याने धरायचा. इंग्रजी बाजात असं असतं. मध्ये थांबतात."

"मग इंग्रजाच्या पोरीच्या लग्नात थांब जा. ही केरूची पोर हाय."

हरीबरोबर मुंबईहून आलेला पास्कू गोवेकर फिडल मानेखाली धरून उभा होता. त्याला हसू आलं. मथुराबाईने त्याच्याकडे पाहिलं मात्र, त्याने हसू गिळलं आणि उगाच तारा पिळायला लागला.

उद्या गोरज मुहूर्तावर तुळसाचं लग्न. केरूची ही एकुलती एक लेक. जाकादेवीहून वऱ्हाड येणार होतं. खळ्यात माडाच्या झावळांचा मांडव पडला होता, सारवण अजून ओलं होतं, आणि मागच्या दारी हळदीची गडबड चालू होती. रत्नागिरीत कुणाच्याही घरी कार्य निघालं की पहिली सुपारी या घडश्यांच्या घरी यायची. देवळात सनई-चौघडा वाजवण्याचा पिढीजात मान याच घराचा. दुसऱ्यांच्या मांडवात आयुष्य घालवलेली ही माणसं, आज स्वतःच्या मांडवात वाजवायची म्हणून सगळ्यांनाच थोडी हुरहुर होती.

हरी आठ दिवसांपूर्वी आगबोटीने आला होता. मुंबईत तो एका थेटरात वाजवायचा. वर पडद्यावर मुकी चित्रं हलायची आणि खाली अंधारात बसून ही मंडळी त्यांना रडवायची, हसवायची. दोन वर्षांपूर्वी चित्रं बोलायला लागली आणि मालकाने वाजवणाऱ्यांना घरी पाठवलं. तेव्हापासून हरीचं काही धड नव्हतं. पास्कूने कुठल्याशा बोटीवरच्या बँडात दोघांचं जमवलं होतं, कोलंबोकडे जाणाऱ्या. लग्न आटपलं की परवाच्या आगबोटीने निघायचं. त्याआधी पुतणीला काहीतरी द्यावं म्हणून त्याने एक चीज बांधली होती. बापाची देवळातली दिवेलागणीची धून घ्यायची, तीच सनईवर ठेवायची, आणि तिच्याभोवती फिडल आणि क्लॅरोनेट गुंफायची. आत्माराम घडशाची धून आणि गोऱ्यांची वाद्यं. तुळसा ऐकून खूश झाली होती. मथुराबाई 'ऐकूया' एवढंच म्हणाली होती. तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच होतं.

पण सूर थांबवणं ही गोष्ट वेगळी.

या घरात दोन सनया वाजतात. एक धून वाजवते, ती सगळ्यांना ऐकू येते. दुसरी फक्त एक सूर धरून ठेवते. धून सुरू व्हायच्या आधी तो सूर लागतो आणि धून संपल्यावर सगळ्यांत शेवटी मिटतो. मध्ये श्वास घ्यायचा तोही नाकाने, गालातली हवा फुंकत, म्हणजे बाहेर कळता कामा नये. केरू वयाच्या बाराव्या वर्षापासून हा सूर धरत आला होता. धून वाजवायचा त्याचा बाप आणि बाप गेल्यावर चुलता आप्पा. केरूच्या वाट्याला धून कधी आली नाही आणि त्याने ती मागितलीही नाही.

सूर मध्येच तुटला तो या घरात एकदाच. शिमग्याच्या पालखीपुढे वाजवता वाजवता आत्माराम खाली बसला आणि परत उठला नाही, तेव्हा. मथुराबाई त्या वेळी विहिरीवर होती. लांबून तिला धून थांबलेली कळली नाही, पण सूर तुटलेला कळला. हातातली कळशी तशीच विहिरीत सोडून ती धावली होती. माणसं तिला सांगायला येत होती, ती वाटेतच त्यांना भेटली आणि म्हणाली, "ठाऊक हाय मला."

असा सूर आता नातीच्या मांडवात तोडायचा?

"वैनी, मी तर सनई खाली ठेवतो," आप्पा म्हणाला. खरंच त्याने सनई फडक्यावर ठेवली. मथुराबाईचा हा धाकटा दीर. साठी उलटली तरी फेटा वाकडा झालेला त्याला चालायचा नाही. "मुंबईची गंमत म्हणून इतका वेळ ऐकलं. फिडल चाललं, पेटी आणली असती तर तीही चालली असती. पण सूर मोडून मी वाजवायचा नाय. माझ्या भावाने मला तसं शिकवलेलं नाय."

"तुमच्या भावाने हऱ्यालाही तसं शिकवलेलं नाय, भावजी," मथुराबाई म्हणाली. "ते ह्याने बाहेरून आणलंन."

"आप्पा, माझं ऐकून तरी घ्या..." हरी म्हणाला.

"तुझं ऐकलं की. तेच तर ऐकलं."

तेवढ्यात मागच्या दाराकडून गोदा पुढे आली. केरूची बायको. हात हळदीने पिवळे, पदर खोचलेला. तिने कुणाकडे न बघता, मांडवाच्या खांबाकडे बघत म्हटलं, "हरीभावजी सांगतात तसं होऊंदे."

वाजवायला आलेला बाबल्या ढोलावर हात ठेवून बसला होता, त्याचा हात तसाच राहिला. गोदा आणि दिराच्या बाजूने? ज्या दिराशी ती सासऱ्याच्या बाराव्यापासून सरळ बोलली नव्हती? बारावं झालं आणि हरी मुंबईला निघून गेला; देऊळ, शेत, म्हातारी, सगळं केरूच्या खांद्यावर टाकून. हे ती विसरलेली नव्हती. आल्यापासून तिने त्याला चहा दिला, पण तोही तुळसाच्या हातून.

"तुला कुणी विचारलं?" मथुराबाई म्हणाली.

"कुणी नाय, आये. मीच सांगतंय."

"पोर तुझी हाय म्हणून तरी जीभ आवर. उद्या तिच्या डोक्यावर अक्षता पडायच्या वेळी सूर तुटला, तर?"

गोदाने मान खाली घातली. पण गेली नाही. खांबाला धरून उभी राहिली.

सगळे केरूकडे बघायला लागले. तो सनई मांडीवर घेऊन बसला होता, पंचाने तोंड पुसत होता. आपल्याकडे असं सगळ्यांनी बघायची सवय त्याला नव्हती. तो कसनुसं हसला.

"मी धरतो की अख्खा," तो म्हणाला. "त्या एका दिवसाखेरीज आजवर तुटला नाय, उद्यापण तुटायचा नाय. हरी, तू तुझं वाजव. मी थांबायचा नाय, बस."

हरीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग गोदाकडे पाहिलं आणि मिटलं. "बरं दादा," एवढंच म्हणाला.

केरू उठून मागच्या विहिरीकडे गेला. मथुराबाईने विजयाने डबा परत उघडला. मांडवात सगळ्यांनी तिचं ऐकलं होतं. तरी तिला बरं वाटेना. गोदाचं ते तोंड तिला खटकत राहिलं.

दुपारी जेवणं झाली. पास्कूने सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन पापलेटं आणली होती. हळदीच्या घरात आज मासळी नको म्हणून शेजारच्या सखूने आपल्या चुलीवर ती शिजवली आणि सगळ्या पुरुषांनी तिच्या ओटीवर बसून हाणली. त्यामुळे सखूच्या मते फिडलवाला फार गुणाचा होता. "माई, मासा मी निवडलाय, गाबतीण मला फसवू नाय शकली," असं तो मथुराबाईला अभिमानाने सांगायला आला. तिने त्याला विडा दिला आणि म्हणाली, "माशाचं कळतं तुला. त्या तुझ्या फिडलला मात्र सर्दी झालेली हाय, तिला काढा दे."

मग ती ओट्यावर पत्त्या करायला बसली. या घरात बायका सनई फुंकत नाहीत, पण पत्ती मात्र बायकांनीच करायची. ताडाचं पान दुधात उकळायचं, वाळवायचं, दुमडायचं, दोऱ्याने नळीला बांधायचं आणि मग चाकूने हलके हलके खरवडायचं. जाड पत्तीला छातीचा जोर लागतो, पातळ पत्ती थोड्या फुंकरीने बोलते. नवऱ्याची, दिराची, मुलाची, प्रत्येकाची पत्ती तिच्या बोटांना पाठ होती.

गोदा हळद धुवून आली आणि तिच्याजवळ बसली. जरा वेळाने म्हणाली, "आये, उद्यासाठी ह्यांची पत्ती जराशी पातळ करा."

"पातळच तर करतंय. गेल्या महिन्यात पातळ मागितलीन, त्याच्या आधी पातळ मागितलीन. आणखी किती करू? वाऱ्याने वाजेल ती, केरू लागायचा नाय..."

आणि मथुराबाईचा चाकू थांबला.

तिने डबा ओढला. केरूने परत केलेल्या जुन्या पत्त्या एका चिंधीत होत्या. तिने त्या पदरावर ओतल्या. एकेक उचलून उन्हाकडे धरली. पहिली जाड, पिवळी, आत्माराम होता तेव्हाची. मग जरा पातळ. मग आणखी. शेवटच्या दोन तर अशा, की त्यांच्यातून पलीकडचं तुळशीवृंदावन दिसत होतं. तिनेच खरवडल्या होत्या या सगळ्या. मागितल्या तशा, आणि तोंडाने त्याच्यावर करवादत. हातांना कळलं होतं. तिला कळलं नव्हतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

गोदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "दिवाळीपासून. जिना चढला तरी धाप लागते. गेल्या पुनवेला देवळात सूर धरताना डोळ्यांपुढे अंधेरी आली, खांबाला टेकून उभे राहिले, पण सूर सोडला नाय. मला शपथ घातलीन, आयेला सांगायचं नाय म्हणून. अडुळसा देतंय रोज. तुम्हाला सांगतंय पोटात जंत झालेत म्हणून."

"हऱ्याला कुणी सांगितलं? तू?"

"मी त्यांच्याशी बोलतंय कुठं? ते आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं वाजवायला बसले. संध्याकाळी विहिरीवर येऊन माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, 'वैनी, दादाच्या छातीला काय झालंय?' मी रडले. मग म्हणाले, 'दादाला कळता नये मला कळलंय ते. तो सनईच ठेवून देईल. मी अशी चीज बांधतो की मध्ये त्याला दम घ्यायला मिळेल. इंग्रजी रीत हाय म्हणून सांगतो. शिव्या मला पडूंदेत.'"

मागच्या दाराकडे केरू आणि बाबल्या तोरणं बांधत होते, त्यांचा आवाज येत होता. मथुराबाईच्या डोळ्यांपुढे दोन पोरं आली, याच ओट्यावर, समोर पाण्याच्या वाट्या, तोंडात पपईच्या देठाच्या नळ्या. घडशाची पोरं अशीच शिकतात. पाण्यात फुंकत राहायचं, बुडबुडे थांबता कामा नयेत. केरूचे कधी थांबायचे नाहीत. डोळे मोठे करून तो फुंकत राहायचा. हरी मध्येच हसायचा आणि पाणी नाकात जायचं. मग केरू आपली नळी त्याच्या वाटीत घालायचा, दोन्ही वाट्यांत आपणच बुडबुडे काढायचा, म्हणजे बापाला वाटावं धाकटाही फुंकतोय. बापाला ते कळायचं. तो बघून न बघितल्यासारखं करायचा.

तिने पदराने नाक पुसलं, पत्त्या चिंधीत बांधल्या आणि उठली.

"आप्पाभावजी कुठायत?"

आप्पा पडवीत घोंगडीवर पडला होता. वैनी येताना बघून उठून बसला.

"भावजी, उद्या हऱ्याचीच चीज वाजवायची."

आप्पाचा फेटा डोक्यावर नव्हता, तरी त्याचा हात तो सारखा करायला वर गेला. "वैनी, सकाळी तुम्हीच..."

"सकाळी मी बोलले. आता मी बोलतंय."

"पण सूर..."

"सूर तुटायचा नाय. ते माझ्याकडे लागलं. तुम्ही तुमची धून नीट वाजवा. सकाळी दुसऱ्या फेऱ्यात घसरलात, मला ऐकू आलं."

आप्पाला तिच्या तोंडाकडे बघून काहीतरी कळलं. काय ते कळलं नाही. पण चाळीस वर्षांत ही बाई असं तोंड करून उभी राहिलेली त्याने एकदाच पाहिली होती. "बरं," तो म्हणाला. "पण घसरलो नाय मी. ढोल घसरला."

केरू आता मांडवाच्या तोंडाशी तोरण बांधत होता, तिने त्याला तिथंच गाठलं. खुर्चीवर चढलेल्या मुलाशी खालून बोलणं तिला आवडायचं नाही, म्हणून तिने त्याला खाली उतरवलं.

"केरू, ते हऱ्याचं इंग्रजी थांबणं चालवून घे बाबा."

"अगो आये, पण तूच..."

"परवा तो जाणार. मग परत कधी येईल, मी असेन नसेन. त्याने पोरीसाठी काय बांधलंय, तर त्याच्या मनासारखं होऊंदे. तुझ्यात पोच हाय, त्याच्यात नाय. थोरल्याने मन मोठं करायचं असतं."

केरूने भावाच्या बाजूला पाहिलं. हरी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पास्कूबरोबर हिरमुसून बसला होता. केरूच्या चेहऱ्यावर ओझं उतरल्यासारखं काहीतरी आलं आणि ते लपवायला तो परत खुर्चीवर चढला.

"त्याच्यासाठी होय," तो वरून म्हणाला. "त्याचं मन कशाला मोडा."

"तेच म्हणतंय."

उन्हं उतरल्यावर तिने हरीला ओट्यावर बोलावलं. तो शिव्या खायच्या तयारीने आला. तिने त्याला समोर बसवलं आणि चाकू हातात घेतला.

"तुझी ती नळी घे. सकाळी सांगितलंस, केरूने सूर सोडल्यावर तू वाजवायचंस. त्यात मध्ये फट पडते."

"आये, तसंच असतं तिकडे. जरा मोकळं ठेवतात, मग..."

"तिकडे ठेवा मोकळं. इथं फट पडायची नाय. त्याने सोडायच्या आधी तोच सूर तू धरायचास. दोघं थोडा वेळ एकत्र. मग त्याने सोडायचं. कुणाला कळता नये कोण गेला, कोण आला."

हरी तिच्याकडे बघत राहिला. "पण दोन्ही सूर एकत्र धरले तर भांडतात, आये. माझ्या नळीचा सूर जिथं हाय तिथंच राहतो, फार तर थोडासा सरकतो. दादाचा सूर जरा खाली येतो. पत्ती फार पातळ..." तो थांबला.

"पत्ती मी करतंय. तू सूर दे."

त्याने क्लॅरोनेट ओठाला लावली आणि सूर दिला. लांब, काळा, तेलकट सूर. मथुराबाईने नवी पत्ती नुसती ओठांत धरून फुंकली. पाखराच्या पिल्लासारखी ती ओरडली. खाली होती. तिने टोक केसाएवढं छाटलं. परत फुंकली. आता वर आली, पण टोक छाटलं की पत्ती कडक होते आणि केरूच्या छातीला ती पेलली नसती. मग तिने दोन्ही अंगं खरवडली, हलक्या हाताने, उन्हाकडे धरून बघत. हरी श्वास न तोडता सूर देत होता. गाल फुगलेले, डोळे मोठे केलेले. एकदा त्याला हसू फुटायला आलं.

"हसू नको. बुडबुडे थांबतील," ती म्हणाली.

त्याची नळी खाली आली.

"तुला कळलं," तो म्हणाला.

"मला काय कळायचंय? मी अडाणी बाई. दे सूर."

त्याने परत सूर दिला. तिने पत्ती फुंकली. या खेपेला पत्ती आणि नळी एकमेकांत अशी मिसळली की त्यातलं कुठलं आपलं, ते तिला क्षणभर कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड वेळेवर आलं नाही, कुठलंच येत नाही. पण गोरजाला नवरा बोहल्यावर होता. डोंगरामागून गुरं परतत होती. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटाचा घसा बसला होता आणि नवऱ्याकडची एक आत्या मध्येच "सावधान" म्हणत होती. आंतरपाट खाली आला. अक्षता पडल्या. आणि केरूने सूर लावला.

मथुराबाई बायकांत उभी होती. आप्पाने धून उचलली. आत्मारामचीच धून, देवळात दिवा लावायच्या वेळची. मग मागून फिडल आलं. ते धुनीच्या बरोबर जात नव्हतं, जरा खालून चाललं होतं. दोन बायका एकच हंडा उचलतात, एकीचा हात वर असतो, एकीचा खाली, तसं. काल तिला ते वाकडं वाटलं होतं. आज तिला कळलं की पाणी सांडत नव्हतं. मग हरीची नळी आली. ती धुनीला उत्तर देत होती, मध्येच तिचा हात सोडून दुसऱ्या वाटेने जात होती आणि वळणावर परत भेटत होती. वऱ्हाडातली माणसं बोलायची थांबली. नवऱ्याचा बाप विडा तोंडात तसाच धरून ऐकत होता.

ते सगळं तिने ऐकलं, पण तिचे कान सुरावर होते. केरूची मान ताठ झाली होती. कपाळावरची शीर फुगली. सूर किंचित हलला; तिच्याखेरीज कुणाला ते कळलं नसतं. गोदाने तिचं मनगट धरलं.

"थांब," मथुराबाई पुटपुटली.

हरीने आपली वाट सोडली. त्याने सूर धरला. दोन्ही सूर थोडा वेळ बरोबर चालले, एकाच वाटेवरच्या दोन माणसांसारखे, आणि मग केरूने सनई खाली घेतली. मथुराबाईने डोळे मिटले. ती वाट बघत होती त्या तुटण्याची, विहिरीवर ऐकलं होतं त्याची. ते आलं नाही. सूर होता तिथंच होता. तिने डोळे उघडले तर केरू तोंड उघडून श्वास घेत होता, सगळ्यांसमोर, उघड्यावर, आणि त्यात काही लाजण्यासारखं आहे असं कुणाला वाटत नव्हतं, कारण चीज तशीच बांधलेली होती. तो बोहल्यावरच्या लेकीकडे बघत होता. जन्मात पहिल्यांदा सनई हातात असून त्याला कुणाकडे बघायला मिळालं होतं. तुळसा त्याच्याकडे बघून हसली.

मग त्याने सनई परत ओठाला लावली. सुरात सूर मिळाला, हरीची नळी मोकळी झाली, आणि धून तिच्या शेवटाकडे निघाली. सगळ्यांत शेवटी मिटला तो केरूचाच सूर.

वऱ्हाडात एकच गलका झाला. नवऱ्याचा बाप आप्पाच्या गळ्यात पडला. पास्कूला कुणीतरी नारळ दिला, तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना. केरू भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चांगलं हाय रे तुझं ते इंग्रजी थांबणं. सवय नव्हती म्हणून..." आणि हरी म्हणाला, "व्हय दादा, तिकडे असंच असतं."

"हऱ्या!"

मथुराबाई बायकांतून पुढे आली. पुरुषांच्या घोळक्यात ती अशी कधी शिरायची नाही. आप्पाने लगबगीने वाट दिली. कालचं भांडण आठवून बाबल्याने ढोल बाजूला घेतला. हरी उठून उभा राहिला.

"काल ह्याच मांडवात तू थोरल्या भावाला गप म्हणालास," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "सगळ्यांनी ऐकलंनी. ते मी विसरलेली नाय, आणि त्याची शिक्षा तुला मिळाल्याशिवाय मी पाण्याचा थेंब घ्यायची नाय. उद्याची आगबोट जाऊंदे तिच्या वाटेने. हा फिडलवाला राहायचा तर राहूंदे, मासा बरा निवडतो. पण तू आता ह्या घरातून हलायचं नायस. देवळात, लग्नात, पालखीपुढे, जिथं जिथं केरू सूर धरील तिथं तू त्याच्या बाजूला उभा राहायचंस, आणि तो थांबला की तू धरायचंस. तो पुरे म्हणेपर्यंत नाय. मी म्हणेपर्यंतपण नाय. जन्मभर."